अर्धशिशीच्या आसपास – ११ : सुरकुत्यांच्या दवाखान्यातली सुई

वेदनाशामक गोळ्यांमुळेच वाढणाऱ्या डोकेदुखीवर आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या शनिवारी. मधेच पवईहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न मला सोडवेना. त्यांच्या इमारतीखाली त्वचेचं क्लिनिक आहे, काचेवर बोटॉक्सची जाहिरात. गेल्या भागातलं अर्धशिशीचं औषध हेच असेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे खेटे कशाला घालायचे, असं त्या विचारतात.

प्रश्नाला हसू नका. हा उपचार सापडला तोच मुळी सुरकुत्या घालवता घालवता. १९९२च्या सुमारास बेव्हर्ली हिल्समधल्या विल्यम बाइंडर या सर्जनकडे कपाळाच्या आठ्या घालवायला येणारी माणसं सांगू लागली, की आठ्या गेल्याच, पण डोकंही दुखेनासं झालंय. दुसऱ्या कुणी मान डोलावून पुढचा पेशंट आत बोलावला असता. बाइंडरने ते टिपून ठेवलं.

असा टिपून ठेवणारा डॉक्टर मुंबईतही आहे. डॉ. के. रविशंकर यांच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांची तक्रार असे, की डोक्यावरून न्हालं की अर्धशिशी उठते. आपल्या आज्या हे पूर्वीपासून सांगत आल्या, पण पाठ्यपुस्तकांत त्याला कोण विचारतो! रविशंकरांनी अशा ९४ रुग्णांची निरीक्षणं २००६ साली ‘सेफलाल्जिया’ या डोकेदुखीला वाहिलेल्या नियतकालिकात छापली. मला या शोधाचं बोटॉक्सपेक्षाही जास्त कौतुक आहे.

त्याच नियतकालिकात २०१० साली बोटॉक्सच्या दोन मोठ्या चाचण्या आल्या. त्यांत ठरलेली पद्धत आजही चालते: ३१ ठिकाणी, दर ठिकाणी ५ युनिट, एकूण १५५, गरज पडली तर १९५पर्यंत. कपाळ, भुवया, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे. दर १२ आठवड्यांनी पुन्हा तेच. भुवयांमधल्या आठ्यांना पाच टोचे आणि २० युनिट पुरतात. तेव्हा बाई, बाटलीतलं औषध एकच असलं, तरी मानेत सुई किती आत न्यायची हे आठ्या घालवण्याच्या सरावातून येत नाही. चुकलं तर पापणी उतरते, मान दुखते किंवा सावरत नाही.

सुरुवातीला वाटलं, स्नायू सैलावतात म्हणून आराम पडतो. आता समजतं ते असं, की बोटॉक्समधलं विष मज्जातंतूंच्या टोकांतलं स्नॅप-२५ नावाचं प्रथिन तोडतं आणि वेदनेची वर्दी देणारी सीजीआरपीसारखी रसायनं बाहेर पडणं कमी होतं.

आता गुण किती? दोन्ही चाचण्या मिळून, महिन्याला वीसेक दिवस डोकं दुखणाऱ्यांचे २४ आठवड्यांनी ८.४ दिवस कमी झाले. नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई घेतलेल्यांचे ६.६. हा फरक पाहून नाक मुरडणारे आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. तरी इतर प्रतिबंधक औषधं सोसवत नाहीत किंवा लागू पडत नाहीत, त्यांनी ही सुई करून पाहावी, असं माझं मत. ब्रिटनमध्येही सरकारी सेवेत तीन औषधं निकामी ठरल्यावरच ती मिळते.

आणखी एक अट आहे. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, त्यांतले निदान ८ दिवस अर्धशिशीचे असतात आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चाललंय, अशांसाठीच हा उपचार आहे. अधूनमधून उठणाऱ्या अर्धशिशीवर चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. पवईच्या बाईंनी महिन्याला चार-पाच दिवस असं लिहिलंय. त्यांना सुईची गरज नाही, ना खालच्या मजल्यावर, ना न्यूरॉलॉजिस्टकडे. न्यूरॉलॉजिस्टला मात्र एकदा जरूर भेटा. गोळ्यांचे पर्याय बरेच आहेत.

आणि बाकीच्यांनी या आठवड्यात किती दिवस वेदनाशामक गोळी घेतली, ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. पुढच्या शनिवारी तो आकडा लागणार आहे.