गाड्या उरतात, संग्रहालय जाते

वस्तू वापरली की झिजते आणि जपून ठेवली की टिकते, असे आपण धरून चालतो. मुरब्याच्या किनाऱ्यावर हा समज टिकत नाही. बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, सातपाटीच्या समोर खाडीच्या या काठाला हे मच्छिमारांचे गाव आहे. इथे एखादी मोटारसायकल जूनमध्ये ओटीवर गोणपाटाखाली झाकून ठेवा आणि दिवाळीत गोणपाट काढा. मडगार्डच्या कडेला रंगाचे फोड आलेले असतात. हँडलच्या चकाकीवर तांबूस ठिपके पडलेले असतात. किक मारून पाय दुखू लागतो, पण इंजिन सुरू होत नाही. गाडी मधल्या काळात एक किलोमीटरही चाललेली नसते. मग ती बिघडली कशाने?

हा प्रश्न एका गाडीपुरता असेल तर गावातला मेकॅनिक तो सोडवतो. शेकडो गाड्यांचा असेल तर त्यासाठी संस्था लागते. अशी एक संस्था अमेरिकेतील आयोवा राज्यात अ‍ॅनामोसा या छोट्या गावी होती. तिचे नाव ‘नॅशनल मोटारसायकल म्युझियम’. नावात ‘नॅशनल’ असले तरी ती सरकारी नव्हती. मोटारसायकलींच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या जॉन आणि जिल पारहॅम या दांपत्याचा तिला मोठा आधार होता. जॉन पारहॅम २०१७ मध्ये वारले. सप्टेंबर २०२३ मध्ये संग्रहालय बंद झाले आणि गाड्या लिलावात गेल्या. त्याआधी २०१९ मध्ये लंडनच्या ग्रीनफर्ड भागातील, बिल क्रॉस्बी यांनी उभारलेले मोटारसायकल संग्रहालयही बंद झाले होते.

या दोन्ही ठिकाणी आग लागली नाही, पूर आला नाही. अ‍ॅनामोसाच्या गाड्या लिलावात विकत घेणाऱ्यांच्या घरी गेल्या. मग गमावले काय? याचे उत्तर शोधायचे तर आधी उभ्या गाडीत काय काय घडत असते ते पाहिले पाहिजे. त्यासाठी अ‍ॅनामोसापेक्षा मुरबे बरे. तिथे हे सगळे भरभर घडते.

मिठाला सुटलेले पाणी

लोखंड गंजण्यासाठी ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात, हे पाठ्यपुस्तकात असते. गंजणे ही विद्युतरासायनिक क्रिया आहे. ओल्या पृष्ठभागावर एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन बनतात आणि पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या ठिकाणी जातात. तिथे ऑक्सिजन आणि पाणी ते स्वीकारतात. म्हणजे गंजणारा पत्रा हा एक छोटा विद्युत घटच असतो. घटातले मंडल पुरे व्हायला आयन वाहून नेणारा द्रव हवा. शुद्ध पाणी हे काम कसेबसे करते, खारे पाणी फार चांगले करते. शिवाय मिठातील क्लोराइड आयन धातूवरचा संरक्षक थर जागोजागी फोडतात.

पण झाकलेल्या गाडीवर खारे पाणी आले कुठून? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना उडालेले सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर गावात येतात. पाणी उडून जाते आणि क्षार वस्तूंवर बसतात. पुढचा भाग स्वयंपाकघरात सर्वांनी पाहिलेला आहे : पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले बाष्प ओढून घेऊन त्यातच विरघळू लागते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणे नित्याचे आहे. समुद्री क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागते. म्हणून किनाऱ्यावर न पुसलेली गाडी कोरडी दिसत असली तरी तिच्यावर खाऱ्या पाण्याची न दिसणारी पातळ साय असू शकते. गोणपाट पाऊस अडवते, ही साय अडवत नाही. उलट ओलावा धरून ठेवते.

तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. रंगाखाली तो फुगतो म्हणून रंगाला फोड येतात. किनाऱ्यावरच्या स्लॅबमधील सळया गंजून काँक्रीटचे पोपडे पडतात, तेही याच कारणाने.

चकाकीखाली काय असते?

जुन्या मोटारसायकलींचे सौंदर्य पुष्कळसे क्रोमच्या चकाकीत असते. प्रत्यक्षात हा क्रोमियमचा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्याखाली निकेलचा जाड थर आणि त्याखाली पोलाद असते. हे थर अखंड असतील तोवर काळजी नसते. मात्र खडा लागून पोलादापर्यंत बारीक भोक पडले की परिस्थिती उलटते. लोखंडाच्या मानाने निकेल इलेक्ट्रॉन सहज सोडत नाही. त्यामुळे खाऱ्या सायीखाली निकेल आणि लोखंड यांचा घट तयार होतो आणि त्यात लोखंड बळी जाते. भोवतालचा सगळा चकाकता पृष्ठभाग त्या एका भोकातल्या लोखंडाला इलेक्ट्रॉन सोडायला लावतो. म्हणून क्रोमवरचा गंज ठिपक्यांच्या रूपात सुरू होतो आणि आत खोल जातो.

जस्ताचे याच्या नेमके उलट असते. जस्त लोखंडापेक्षा लवकर इलेक्ट्रॉन सोडते. जस्तविलेपित पत्र्यावर चरा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. जहाजांच्या पोलादी तळाला जस्ताच्या वड्या लावतात त्या यासाठीच.

गाडीच्या पोटात

गंज बाहेरून दिसतो. टाकी, कार्ब्युरेटर आणि इंजिन यांत जे चालते ते दिसत नाही. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक आधी उडून जातात. थंड इंजिन पेटवायला नेमके तेच लागतात. काही घटकांचे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट डिंकासारखा पदार्थ बनतो आणि कार्ब्युरेटरच्या जेटचे केसाएवढे भोक बुजते. २०२५ पासून भारतात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारणपणे २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. शिवाय जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि वॉशर या इंधनासाठी बनवलेलेच नव्हते.

टायर आणि रबरी सील यांचे शत्रू ऊन आणि ओझोन. हवेतील ओझोन अत्यल्प असतो, पण रबराच्या रेणूंतील दुहेरी बंध तो तोडतो. जिथे रबर ताणलेले असते तिथे त्याला चिरा पडतात. उभ्या गाडीचे वजन टायरच्या एकाच जागेवर राहते आणि ती जागा चपटी होते. म्हणून फार दिवस ठेवायच्या गाडीची चाके टेकू देऊन जमिनीपासून उचलून ठेवतात.

यावर अनेकजण उपाय सांगतात : रोज दोन मिनिटे इंजिन सुरू करावे. हा सल्ला तपासून पाहण्यासारखा आहे. पेट्रोलमधील हायड्रोजन जळाला की पाणी बनते. पेट्रोल म्हणजे ऑक्टेन असे धरून हिशेब केला तर एक लिटर (सुमारे ७४० ग्रॅम) पेट्रोल जळून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. आकडा ऐकून विश्वास बसत नाही, पण त्या पाण्यातील वजनाचा मोठा भाग हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचा असतो. अकरावीच्या विद्यार्थ्यांना हे समीकरण जरूर मांडायला द्यावे. गाडी लांब चालली तर सायलेन्सर तापतो आणि हे पाणी वाफ होऊन निघून जाते. दोन मिनिटांत सायलेन्सर तापत नाही. पाणी आतच साचते, आणि दहनात बनलेली थोडी आम्लेही त्यात उतरतात. अशा रोजच्या दोन मिनिटांनी सायलेन्सर आतून सडतो. गाडी एकतर पुरती तापेपर्यंत चालवावी, नाहीतर पेट्रोल काढून, इंजिनात तेल सोडून, कोरड्या जागी ठेवावी.

खर्च कशाचा असतो?

आता संग्रहालयाकडे परत येऊ. आर्द्रता ताब्यात ठेवणारी इमारत, वेळच्या वेळी पुसणे आणि तेल देणे, कडक झालेले सील बदलणे, चाके फिरवणे हे सर्व प्रत्येक गाडीला लागते. प्रेक्षक आले नाहीत म्हणून यातले काही कमी होत नाही. गंजाला साप्ताहिक सुट्टी नसते. उत्पन्न प्रेक्षकांच्या संख्येवर आणि खर्च गाड्यांच्या संख्येवर, अशी ही विषम जोडी आहे. खासगी संग्रहालयात मधली तूट बहुधा एखादी हौशी व्यक्ती स्वतःच्या खिशातून भरते. ती व्यक्ती गेली किंवा थकली की तूट उघडी पडते.

दुसरा खर्च पैशात मोजता येत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याचे उदाहरण घ्या. तिथे १९६०च्या दशकापासून जावा आणि पुढे येझदी मोटारसायकली बनत. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. या गाडीत किक आणि गिअर यांसाठी एकच दांडी असते. ती आत दाबून वर फिरवली की किक होते आणि इंजिन सुरू झाल्यावर तीच खाली आणून गिअर टाकायचा. ज्याला हे ठाऊक नाही त्याला गाडीची किकच सापडत नाही. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचे, पॉइंटची फट किती ठेवायची, आवाजावरून काय ओळखायचे, हे ज्ञान मेकॅनिकच्या हातात असते. गाडी विकता येते, पण हे हात लिलावात देता येत नाहीत. एका छपराखाली गाडी, तिची कागदपत्रे, अवजारे आणि जाणकार एकत्र असतात तेव्हा त्याला संग्रहालय म्हणायचे. लिलावात ही जुळणी मोडते.

विक्रांतचे पोलाद

आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण खासगीही नाही आणि मोटारसायकलीचेही नाही. पण ते शेवटी मोटारसायकलीपर्यंत येऊन पोचते. १९६१ साली नौदलात आलेली विमानवाहू युद्धनौका विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत ती तरंगते संग्रहालय होती. शाळांच्या कितीतरी सहली तिथे गेल्या असतील. मुंबईचे खारे पाणी आणि खारी हवा तिलाही सोडत नव्हती. एवढ्या मोठ्या पोलादी सांगाड्याची निगा राखणे परवडेना. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ती प्रेक्षकांना बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिचे काही पोलाद बजाज कंपनीने घेतले. ते वितळवून, त्याचा अंश असलेली ‘व्ही’ ही मोटारसायकल कंपनीने २०१६ मध्ये बाजारात आणली.

द्रव्य अविनाशी असते, या नियमाचे हे छान उदाहरण झाले. पण त्या गाडीकडे पाहून विमान जहाजाच्या एवढ्याशा धावपट्टीवर कसे उतरत असेल, हे मुलांना समजेल का? पोलाद उरले, त्यात साठवलेली माहिती उरली नाही. संग्रहालय द्रव्य जपत नाही. द्रव्याला दिलेला आकार आणि त्यामागचा विचार जपते.

याची दुसरी बाजूही आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी एकट्याच्या हौसेने जमवलेला वस्तुसंग्रह त्यांनी हयातीतच राज्य शासनाच्या हवाली केला. केळकर १९९० मध्ये गेले, संग्रहालय मात्र चालू राहिले. संग्रह करणाऱ्याने आपल्यामागची व्यवस्था आपण असतानाच लावली, तर खासगी हौसेची सार्वजनिक ठेव होऊ शकते.

शाळेत काय करता येईल?

१. तीन बाटल्यांत सारखेच खारे पाणी घ्या. एकीत नुसता लोखंडी खिळा, दुसरीत तांब्याची तार घट्ट गुंडाळलेला खिळा आणि तिसरीत जस्ताच्या पत्र्याची पट्टी गुंडाळलेला खिळा ठेवा. खिळे एकाच पुड्यातले, घासून स्वच्छ केलेले असावेत. दोन-तीन दिवस नोंदी करा. क्रोम आणि जस्त यांच्यातला फरक मुलांना स्वतःच सांगता येईल.

२. सारखे रबर बँड घ्या. निम्मे पुठ्ठ्यावर ताणून बसवा, निम्मे सैल ठेवा. सर्व बाहेर सावलीत टांगा आणि काही आठवड्यांनी भिंगातून पाहा. चिरा कुठे आहेत आणि कोणत्या दिशेला आहेत?

३. हा प्रयोग तीन शाळांनी मिळून करावा. पोलादी पत्र्याचे सारखे तुकडे एकाच दिवशी मुरब्याला, बोईसरला आणि डोंगराकडच्या मनोरला उघड्यावर टांगा. मुरब्याला समुद्राचे क्षार आहेत. बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, म्हणजे हवेत आम्लधर्मी वायू असण्याची शक्यता आहे. मनोर समुद्रापासून दूर आहे. महिन्याने तुकडे शेजारी ठेवून पाहा. आधी अंदाज लिहून घ्या, मग निकाल.

४. गावातील जुन्या यंत्रांची वही करा. कोणाकडे जुनी बुलेट किंवा येझदी असेल, कोणाकडे होडीवरून उतरवलेले डिझेल इंजिन असेल, कोणाकडे हाताने फिरवायचे शिवणयंत्र असेल. मुलांनी यंत्राचे चित्र काढावे, भागांची नावे गावातल्या शब्दांत लिहावीत. ते कसे सुरू होते, कुठे बिघडते, कोण दुरुस्त करत असे, हे मालकाला आणि मेकॅनिकला विचारून लिहून घ्यावे. यंत्र विकत घ्यायला शाळेकडे पैसे नसतात. वहीला फार पैसे लागत नाहीत. पुढे ते यंत्र भंगारात गेले तरी ते कसे चालत होते हे वहीत राहील.

या कामाला मेकॅनिक वयाने थकण्याआधी सुरुवात केलेली बरी. पावसाळ्याच्या आत केली तर आणखी बरी.