किती पेशी जन्मल्या, किती मेल्या?

घसा दुखायला लागला की जबड्याखाली गाठी हाताला लागतात. त्या लसिकाग्रंथी. आलेल्या जंतूला नेमके ओळखणाऱ्या टी-पेशी शरीरात लाखात एखादीच असतात, आणि त्या तिथे झपाट्याने विभाजित होत असतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. दहा विभाजने झाली की 1,024 आणि पंधरा झाली की 32,768. मात्र याच काळात असंख्य पेशी मरतही असतात. त्यामुळे नुसती एकूण संख्या मोजून फारसे काही कळत नाही. संख्या दुप्पट झाली ती सर्व पेशी एकदा विभाजित झाल्या म्हणून, की निम्म्या मेल्या आणि उरलेल्या दोनदा विभाजित झाल्या म्हणून? दोन्हींचे उत्तर सारखेच येते. जन्म आणि मृत्यू वेगवेगळे मोजायचे, तर गणिताची मदत घ्यावी लागते.

त्यासाठी लागणारी मोजपट्टी 1994 मध्ये मिळाली. ऑस्ट्रेलियातील ब्रूस लायन्स आणि ख्रिस पॅरिश यांनी सीएफएसई नावाचा चमकणारा रंग या कामासाठी वापरला. तो पेशीत शिरून आतल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो. पेशी विभाजित झाली की दोन्ही कन्यापेशींच्या वाट्याला निम्मा-निम्मा रंग येतो. शेताची दर पिढीत दोन भावांमध्ये सारखी वाटणी होत गेली, तर आजच्या तुकड्याच्या क्षेत्रावरून किती वाटण्या झाल्या ते सांगता येते, तसेच हे. फ्लो सायटोमीटर हे यंत्र लेझरच्या झोतातून एकेक पेशी नेते आणि तिची चमक मोजते. सात-आठ विभाजनांपर्यंत पिढ्या स्पष्ट ओळखता येतात. त्यानंतर उरलेली चमक पेशीच्या स्वतःच्या मंद चमकेत मिसळून जाते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सुरुवातीला 1,000 पेशी होत्या. तीन दिवसांनी न विभागलेल्या 100 सापडल्या. एकदा विभागलेल्या 160, दोनदा 400, तीनदा 800 आणि चारदा 640. एकूण 2,100. वरवर पाहता पेशी दुपटीहून वाढल्या. पण प्रत्येक पिढीची संख्या तिच्या दुपटींनी भागून पाहू. 160 ला 2 ने, 400 ला 4 ने, 800 ला 8 ने आणि 640 ला 16 ने भागले की 80, 100, 100 आणि 40 मिळतात. त्यांत न विभागलेल्या 100 मिळवल्या की 420. म्हणजे आज दिसणारी सगळी गर्दी 420 मूळ पेशींच्या वंशाइतकीच आहे. 580 पेशींचा हिशेब मृत्यूकडे गेला. वाढीमागे लपलेला ऱ्हास या एका भागाकाराने उघड होतो.

मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमधील फिलिप हॉजकिन यांच्या गटाने पिढ्यांच्या या हिशेबावर पुढचे काम उभे केले. पहिले विभाजन व्हायला बराच वेळ लागतो आणि प्रत्येक पेशीचा तो वेळ वेगळा असतो. नंतरची विभाजने मात्र भराभर होतात, हे त्यातून दिसले. 2007 मध्ये या गटाने ‘सायटॉन’ हे प्रारूप मांडले. त्याची कल्पना अशी, की प्रत्येक पेशीत दोन स्वतंत्र घड्याळे आहेत, एक विभाजनाचे आणि दुसरे मृत्यूचे. जे आधी वाजेल ते पेशीचे भवितव्य ठरवते. विभाजन झाले की कन्यापेशींची घड्याळे नव्याने सुरू होतात.

याचे गणित हाताने करून पाहण्याजोगे आहे. समजा, एखाद्या तासात 1,000 पैकी 10 टक्के पेशींचे विभाजनाचे घड्याळ वाजणार आहे, पण तोवर 30 टक्के पेशींचे मृत्यूचे घड्याळ वाजून गेलेले असेल. घड्याळे स्वतंत्र असल्याने दोन शक्यतांचा गुणाकार करायचा: 0.10 गुणिले 0.70. त्या तासात प्रत्यक्षात 70 पेशी विभाजित होतील आणि 140 कन्यापेशी जन्मतील. हेच प्रत्येक तासासाठी आणि प्रत्येक पिढीसाठी केले, की कोणत्या वेळी कोणत्या पिढीत किती पेशी असतील त्याचा अंदाज मिळतो. तो रंगाच्या मोजणीशी ताडून पाहायचा आणि घड्याळांच्या वेळा जुळवत जायच्या.

प्रत्येक पेशीची घड्याळे इतर पेशींपासून स्वतंत्र चालतात, हे गृहीतकही तपासायला हवे. 2009 मध्ये याच गटाने उंदरांच्या बी-पेशींचे, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींचे, एकेक करून चित्रीकरण केले. एकाच पेशीपासून जन्मलेल्या दोन बहिणींचे नशीब आणि वेळा बऱ्याच जुळतात, असे त्यात दिसले. म्हणजे बहिणी एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नसतात. यामुळे सरासरी संख्येचा अंदाज ढळत नाही. एका घराण्यापेक्षा दुसरे किती वेगळे निघेल, तो फरक मात्र वाढतो.

पेशी कायम विभाजित होत राहत नाहीत. काही विभाजनांनंतर त्या थांबतात. मिक नावाचे प्रथिन पेशीत काळानुसार घटत जाते आणि ठरावीक पातळीखाली गेले की विभाजन थांबते, असे 2017 मध्ये दाखवले गेले. ही थांबण्याची पिढी कशावर ठरते, याचे उत्तर 2014 मध्ये उंदरांच्या टी-पेशींवरील प्रयोगांतून आले होते. जंतूची ओळख, सोबतच्या पेशींकडून मिळणारा दुजोरा आणि सायटोकाइन हे रासायनिक निरोप आपापली विभाजने देतात, आणि त्यांची साधी बेरीज होते.

या बेरजेचा परिणाम मात्र गुणाकाराचा असतो. समजा, पहिल्या संकेताने 2 विभाजने मिळाली, दुसऱ्याने आणखी 2 आणि तिसऱ्याने 3. एकट्या पहिल्या संकेतावर एका पेशीच्या 4 झाल्या असत्या. तिन्ही मिळून 7 विभाजने म्हणजे 128. किरकोळ वाटणारे संकेत एकत्र आले, की प्रतिसाद कित्येक पटींनी वाढतो. लसीत प्रतिजनाबरोबर, म्हणजे पेशी ज्यावरून जंतू ओळखतात त्या घटकाबरोबर, प्रतिसाद वाढवणारे पदार्थ का घालतात, ते यावरून समजायला मदत होते. आणि शरीराने स्वतःच्याच पेशींवर उलटू नये म्हणून असा एखादा छोटा संकेत वेळीच रोखणे किती मोलाचे ठरू शकते, हेही यातूनच कळते: एक विभाजन कमी झाले, तर अखेरची फौज निम्मीच राहते.