गौलीगुड्याचे पत्र्याचे बसस्थानक

हैदराबादच्या जुन्या वास्तूंचा विषय निघाला की चारमिनार, उच्च न्यायालय, उस्मानिया रुग्णालय ही नावे घेतली जातात. गौलीगुड्याचे बसस्थानक त्यात क्वचितच येई, कारण ते पत्र्याचे होते. ५ जुलै २०१८ रोजी पहाटे ते कोसळले, तेव्हा अनेकांना ते ऐतिहासिक असल्याचे कळले.

निजाम संस्थानाने जून १९३२ मध्ये रेल्वेच्या जोडीने सरकारी बससेवा सुरू केली. त्या वेळी २७ बस व १६६ कर्मचारी होते. (तेथील बसच्या क्रमांकातील 'झेड' हे अक्षर निजामाच्या मातोश्री जहरा बेगम यांच्या नावावरून आले, असे सांगितले जाते.) मराठवाडा तेव्हा संस्थानातच होता; १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि तेथील बससेवाही वेगळी झाली.

गौलीगुड्याच्या स्थानकाला लोक 'मिसिसिपी हँगर' म्हणत. त्याचा आकार आडव्या ठेवलेल्या अर्ध्या पिंपासारखा. सपाट पत्रा स्वतःच्या वजनाने वाकतो. त्याला नागमोडी घड्या पाडल्या की तो ताठ राहतो, आणि कमानीसारखा वळवला की भार दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. त्यामुळे मध्ये खांब लागत नाहीत. विमान ठेवण्यासाठी केलेली ही रचना बसलाही सोयीची ठरली, कारण लांब गाडी वळवताना चालकाला खांबाचीच धास्ती असते.

मात्र जेथे भार उतरतो तेथेच पावसाचे पाणीही उतरते. पत्र्याचा पाया आणि नट-बोल्ट आतून गंजत जातात. वरचे छप्पर रंग दिल्यामुळे ठाकठीक दिसते. दगडी इमारत तडा दाखवून इशारा देते, पत्रा तितका वेळ देत नाही. १९९४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या मुसी नदीतील नव्या महात्मा गांधी स्थानकात गेल्या व हँगर शहर बससेवेपुरता उरला. धोका ओळखून पडण्याच्या काही दिवस आधी तो रिकामा केला गेला, म्हणून जीवितहानी टळली. वास्तू मात्र गेली.

आपल्या गावच्या जुन्या स्थानकाची मोजमापे, छायाचित्रे आणि जुन्या वाहकांच्या आठवणी महाविद्यालयातील विद्यार्थी सहज गोळा करू शकतील. पाहणी पावसाळ्यात करावी. पाणी कोठे मुरते ते तेव्हाच दिसते.