नगरांतील फलशाकवाटिका : ग्रंथ आणि कागद

शहरांतील मोकळ्या जागेंत, परसांत किंवा गच्चीवर फळझाडें व भाजीपाला करावा, ही कल्पना मुंबई-पुण्याकडे हल्लीं अगदीं नवी म्हणून सांगितली जाते. ती नवी नाहीं, हें दाखविण्यास दोनतीन संस्कृत ग्रंथ पुरेसे आहेत. परंतु प्रस्तुत लेखाचा हेतु तेवढाच नाहीं. या विषयाचे कागद जुन्या दप्तरांतून सर्वांच्या आधीं टाकले जातात, तिकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें अशी आमची इच्छा आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील दुर्गनिवेशाचा अध्याय प्रथम पाहूं. तटाच्या आंतील वस्तीची मांडणी सांगतांना कौटिल्य म्हणतो कीं, कुटुंबवाल्यांच्या हद्दी ठरवून द्याव्या, व त्या हद्दींत त्यांनीं अनुज्ञा घेऊन फुलांच्या व फळांच्या बागा आणि वाफे करावे. लगेच पुढें दहा कुळांच्या वस्तीमागें एक विहिरीची जागा सांगितली आहे. हीं दोन विधानें एकमेकांलगत आलीं तीं सहज नव्हेत. अनुज्ञा कशासाठीं? आमच्या मतें पाण्यासाठीं. दहा घरांची विहीर एकाच्याच केळींनीं उपसून काढली, तर वेढ्याच्या प्रसंगीं शेजाऱ्यांनीं काय प्यावें?

दुसरा ग्रंथ वात्स्यायनाचें कामसूत्र. त्याच्या नांवानें नाक मुरडणारांनीं भार्याधिकारिक अधिकरण एकवार वाचावें. तेथें नागरकाच्या गृहिणीनें घराच्या वाटिकेंत हिरव्या भाज्यांचे वाफे, उंसाचीं बेटें, जिरें, मोहरी इत्यादि लावावें व मध्यें विहीर किंवा वापी खणवावी, असें आहे. मुळा, पालक, काकडी, वांगें, कोहळा, दुध्या, सुरण, लसूण, कांदा यांचें बीं जपून ठेवून योग्य काळीं पेरावें, हेंहि सांगितलें आहे. बीं राखण्याचें काम गृहिणीकडे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे; तिचा उपयोग पुढें होईल.

याच ग्रंथांत अन्यत्र वत्सगुल्माचें नांव येतें. वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आमच्या केनवडच्या जिल्ह्याचें ठाणें असलेलें आजचें वाशीम. यावरून वत्सगुल्मांत घरोघर अशा वाटिका होत्या असें मात्र सिद्ध होत नाहीं. तो उल्लेख राजांच्या अंतःपुरांतील चालीचा आहे, बागेचा नव्हे. अभिमानापायीं ग्रंथाकडून नसलेली साक्ष वदवूं नये.

वाटिकेंत झाडें किती मावतील, याचा हिशेब वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांत सांपडतो. दोन झाडांत 20 हातांचें अंतर उत्तम, 16 चें मध्यम व 12 चें कनिष्ठ. 20 हात म्हणजे सुमारें 30 फूट. तेव्हां सामान्य वाड्याच्या परसांत मोठीं झाडें एकदोनच येणार. उरलेली जागा भाजीची. मुळें एकमेकांत गुंतलीं कीं झाडें पुरतें फळ देत नाहींत, हें त्याचें कारण आजहि कोणताहि माळी सांगेल.

पुण्यांत नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें शहरांतील हौदांत आलें. त्या काळच्या हिराबाग, तुळशीबाग, बेलबाग, मोतीबाग या नांवांपैकीं कित्येकांत आतां बाग उरली नाहीं. तुळशीबागेंत रामाचें देऊळ आहे व भोंवतीं बाजार आहे. नांव टिकलें, झाडें गेलीं. तेथें काय पिकत असे हें सांगणारें साधन म्हणजे बागेचा हिशेबी कागद. आणि सनद, वतनपत्र, राजकीय पत्र यांच्यापुढें त्या कागदास कोणी विचारीत नाहीं.

पोथ्यांचीहि तीच गति. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत होती. तिची प्रत 1994 मध्यें डॉ. य. ल. नेने यांनीं मिळविली व डॉ. नलिनी साधले यांचें भाषांतर 1996 मध्यें सिकंदराबादेहून प्रसिद्ध झालें. त्यांतील कुणपजल, म्हणजे मांस, मासे इत्यादि कुजवून केलेलें द्रवरूप खत, आतां शेतकऱ्यांच्या तोंडीं आलें आहे. सूचींत नोंद असणें व ग्रंथ वाचला जाणें यांतील अंतर यावरून कळावें. शहरांतील कचऱ्याचेंहि असेंच आहे : मुंबई पोर्ट ट्रस्टच्या भटारखान्याच्या गच्चीवर 2002 पासून स्वयंपाकांतील टाकाऊ भागाचीच माती करून फळझाडें व भाज्या वाढविल्या गेल्या.

संग्राहकांस विनंति ती अशी. बियांची यादी बहुधा स्वयंपाकघराच्या खर्चांत, बायकांच्या हातच्या चिटोऱ्यांत किंवा पोथीच्या कोऱ्या पानावर सांपडेल. रुमाल सोडतांना ती वेगळी काढून मूळ रुमालाची खूण तीवर घालावी. रोपांचीं स्थानिक नांवें शुद्ध करून उतरूं नयेत, जशींच्या तशीं ठेवावीं. आणि मोटेच्या बैलांची वैरण किंवा सोंदराचा खर्च दिसला म्हणजे कागद शेताचा, असें ठरवून तो बाजूस टाकूं नये. शहरांतील मोठ्या बागांच्या विहिरींवरहि मोट चालत असे.