पडद्यावरचा समुद्र : एका डॉक्टरच्या नजरेतून

कारेलीबागेत दवाखाना चालवणाऱ्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, हे थोडे धाडसाचेच म्हणावे लागेल. आपल्या शहराला विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत, शहराच्या मध्यभागी नावापुरता सुरसागरही आहे. पण सागर नाही. एकेकाळी बडोदे संस्थानाला समुद्रकिनारा होता. द्वारका आणि ओखा हा सारा ओखामंडलाचा प्रदेश गायकवाडांच्याच ताब्यात होता. असो. माझा समुद्राशी परिचय झाला तो मुख्यतः चित्रपटांमधून. जहाज फुटते, माणूस एकटा उरतो आणि मग तो कसा जगतो, या धाटणीचे चित्रपट मी आवडीने पाहतो. मात्र ते पाहताना मनातला डॉक्टर काही केल्या गप्प बसत नाही. घरातली मंडळी लाटा पाहत असतात आणि मी नायकाला शेवटची लघवी केव्हा झाली असेल याचा हिशेब करत असतो! सौभाग्यवतींना हे मुळीच आवडत नाही.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चित्रपटसृष्टीचे तंत्र इतके पुढे गेले आहे की वादळ, लाटा आणि फुटणारे जहाज यांत दोष काढणे कठीण झाले आहे. चुकते ते माणसाचे शरीर. समुद्रात माणूस कशाने मरतो, किती वेळात मरतो आणि मरताना कसा दिसतो, याबाबतीत पडद्यावरचे चित्र आणि वैद्यकीय वास्तव यांत बरेच अंतर आहे.

प्रथम नौकानयनाविषयी. रॉबर्ट रेडफर्ड यांचा २०१३ सालचा ‘ऑल इज लॉस्ट’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. हिंदी महासागरात एका वृद्ध माणसाच्या शिडाच्या नौकेवर तरंगता कंटेनर आदळतो आणि तिथून त्याची झुंज सुरू होते. असे कंटेनर मालवाहू जहाजांवरून खरोखरच समुद्रात पडतात, त्यामुळे ही सुरुवात काल्पनिक वाटत नाही. जवळजवळ संवाद नसलेला हा चित्रपट एकटेपणा फार चांगला दाखवतो. पण शिडाच्या नौका चालवणाऱ्या जाणकारांनी त्यावर बरीच टीका केली आहे. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाजवळ उपग्रहामार्फत आपले ठिकाण कळवणारे साधे संकटसूचक यंत्रही नसावे, हा त्यांचा मुख्य आक्षेप. आणि तो योग्य आहे.

कारण याच महासागरात पाच वर्षांनी जे प्रत्यक्ष घडले त्यात अशा उपकरणांनीच एका भारतीयाचा जीव वाचवला. ही कथा आपल्या मुलखाच्या फार जवळची आहे. १९६९ मध्ये सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिलेच. त्यांची ‘सुहेली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. पुढे भारतीय नौदलाने हेच स्वप्न पाहिले आणि गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ बांधली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांवर थांबून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता तीच प्रदक्षिणा केली.

टॉमी पुन्हा निघाले ते २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत, ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यातच बांधलेल्या ‘तुरिया’तून. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. त्यानंतरचे तीन दिवस ते बिछान्यावर पडून होते. उठता येत नव्हते, पोटात पाणी टिकत नव्हते. उपग्रहामार्फत त्यांनी पाठवलेल्या त्रोटक संदेशांवरून शोध सुरू झाला, मॉरिशसहून उडालेल्या नौदलाच्या विमानाने नौका हेरली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाच्या माणसांनी त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर काढले. दिग्दर्शकाच्या दृष्टीने या तीन दिवसांत काहीच ‘घडत’ नाही. शार्क नाही, खलनायक नाही. एक माणूस आडवा पडून आहे आणि त्याला उलट्या होत आहेत. आपल्या दृष्टीने मात्र सारे नाट्य तिथेच आहे. कण्याची दुखापत, निर्जलीकरण आणि जवळच्या किनाऱ्यापासून शेकडो मैलांचे अंतर! हेच टॉमी कण्यावरील शस्त्रक्रियेनंतर पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. एखाद्या पटकथाकाराने हे लिहिले असते तर आपण अतिशयोक्ती म्हणून सोडून दिले असते.

आता पाणी. ‘लाइफ ऑफ पाय’ हा २०१२ चा चित्रपट आपल्या पाँडिचेरीच्या मुलाचा. २२७ दिवस वाघासोबत जीवनरक्षक होडीत काढणे ही अर्थातच कल्पना. तरीही त्यातले तपशील इतर चित्रपटांपेक्षा पुष्कळच खरे आहेत. पावसाचे पाणी साठवणे, सूर्याच्या उष्णतेवर खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणे, अंगावर येऊन आदळणारे उडते मासे, हळूहळू झिजत जाणारे शरीर. याचे कारण असे की दिग्दर्शक अँग ली यांनी स्टीव्हन कॅलहन यांना सल्लागार म्हणून घेतले होते. १९८२ मध्ये कॅलहन अटलांटिकमध्ये फुगवलेल्या तराफ्यावर ७६ दिवस एकटे तरंगत होते. ज्याने भोगले त्यालाच विचारले, की पडद्यावर फरक पडतो. तरीसुद्धा एक गोष्ट चित्रपटवाले टाळतात. सतत खाऱ्या पाण्याने भिजून आणि घासून त्वचेवर जे फोड आणि व्रण होतात, त्यांनी अशा माणसाला बसणे-झोपणेही अशक्य होते. पण नायकाच्या पार्श्वभागावरील गळवे पाहायला तिकीट कोण काढणार?

समुद्राचे पाणी का पिऊ नये, हे आपण विद्यार्थिदशेत शिकलो. एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार. आपले मूत्रपिंड इतकी तीव्र लघवी करू शकत नाही. म्हणजे प्यायल्यापेक्षा अधिक पाणी बाहेर टाकावे लागते. याला आव्हान दिले ते आपल्याच व्यवसायातल्या एका माणसाने. ॲलेन बोम्बार या फ्रेंच डॉक्टरने १९५२ मध्ये लहानशा रबरी होडीतून ६५ दिवसांत अटलांटिक ओलांडला आणि माशांचा रस व थोडे थोडे समुद्राचे पाणी यांवर जगता येते असा दावा केला. बरेच वजन गमावून ते बार्बाडोसला पोहोचले. त्यांचा दावा पुढे टिकला नाही, परंतु धैर्याबद्दल त्यांना दाद द्यावी लागेल. याहून मला भावते ती १९७२ ची रॉबर्टसन कुटुंबाची हकिकत. देवमाशांनी नौका फोडल्यावर सहा माणसे ३८ दिवस समुद्रावर होती. त्यांतल्या श्रीमती रॉबर्टसन परिचारिका होत्या. होडीच्या तळाशी साचलेले, कासवाच्या रक्ताने नासलेले पावसाचे पाणी तोंडाने पिण्याजोगे नव्हते, म्हणून त्यांनी ते सर्वांना चक्क एनिमाने दिले. खारे नसलेले पाणी मोठ्या आतड्यातूनही शोषले जाते, हे शरीरक्रियाशास्त्र त्या माउलीला तिथे आठवले!

थंडीच्या बाबतीत ‘टायटॅनिक’चे कौतुक केले पाहिजे. १९१२ च्या त्या रात्री पाण्याचे तापमान शून्याच्याही खाली होते. तिथे बहुतेक माणसे बुडून नव्हे, तर जीवरक्षक जॅकेट अंगात असताना गारठून गेली. रिकाम्या जागा असलेली होडी परत येते तेव्हा पाण्यावर शांतपणे तरंगणारे देह, हा त्या चित्रपटातला सर्वांत खरा प्रसंग. नायक-नायिकेचे पाण्यातले दीर्घ संभाषण मात्र पटत नाही. अतिथंड पाण्यात पडताच पहिली दोन-तीन मिनिटे माणसाला अनावर धाप लागते. श्वास हातात नसतो, वाक्ये कुठली! पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत हातपाय निकामी होतात.

आपला अरबी समुद्र उबदार आहे, म्हणून निर्धास्त राहण्याचे कारण नाही. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. त्याच दिवशी मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ ही तेलक्षेत्रावरील कामगारांची बार्ज बुडाली. २६१ माणसांपैकी सत्तरहून अधिक गेली. जी वाचली त्यांतली कित्येक जण जॅकेट घालून, एकमेकांना धरून, रात्रभर उंच लाटांत तरंगत होती. कोमट पाणीसुद्धा तासन्‌तास अंगातली ऊब आणि शक्ती शोषत राहते.

चित्रपटात सुटका म्हणजे संकटाचा शेवट. दोराची शिडी खाली येते, नायक ती चढतो, डेकवर उभा राहतो, मिठी मारतो. प्रत्यक्षात सर्वांत धोक्याचा क्षण पुष्कळदा हाच असतो. पाण्याच्या दाबाने हातापायांतले रक्त छातीकडे ढकललेले असते. माणसाला उभे ओढून बाहेर काढताच तो आधार जातो, रक्तदाब कोसळतो आणि हृदय थांबू शकते. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ नौकापटू गेले. त्यांतले काही सुटका होत असतानाच गेले. म्हणूनच आता हेलिकॉप्टरमधून शक्यतो दोन पट्ट्यांनी माणसाला आडवे उचलतात.

राहिली बुडण्याची गोष्ट, आणि ती आपल्या दाराशी घडली आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी कारेलीबागेला लागूनच असलेल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. त्यानंतर कित्येक दिवस माझ्या दवाखान्यात पालक एकच प्रश्न विचारत होते, ‘डॉक्टर, मुलांनी हाका मारल्या नसतील का?’ हा प्रश्न चित्रपटांनी शिकवलेला आहे. पडद्यावर बुडणारा माणूस हात उंचावतो, ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडतो. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावरील फ्रँक पिया या जीवरक्षकाने १९७० च्या सुमारास प्रत्यक्ष बुडणाऱ्यांचे चित्रीकरण केले. माझ्या मते समुद्राविषयीचा सर्वांत वास्तव चित्रपट तोच. त्यात कोणी ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या वेळात श्वासच जेमतेम घेता येतो, आवाज काढायला सवड नसते. हात वर जात नाहीत. ते आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबू पाहतात. मूल सरळ उभे असल्यासारखे, खेळत असल्यासारखे दिसते. हे सारे एका मिनिटाच्या आत संपते. तलावाकाठी किंवा सोसायटीच्या तरणतलावाशी बसलेल्या आईवडिलांनी आवाजाची वाट पाहू नये. अचानक गप्प झालेल्या मुलाकडे आधी वळावे.

आणि ते बाहेर काढलेले पोट दाबून पाणी काढणे! आपल्या हिंदी चित्रपटांनी ही समजूत इतकी घट्ट बसवली आहे की प्रसंगी शिकलेली माणसेही तेच करतात. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि ओकारीचे अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. बुडालेल्याचे हृदय थांबते ते प्राणवायूअभावी. म्हणून इथे आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर दाब. शुद्धीवर आलेले मूल ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी नेऊ नये. फुप्फुसांची सूज काही तासांनी वाढू शकते, म्हणून निदान सहा-आठ तास त्याला रुग्णालयात ठेवून श्वासाची गती आणि रक्तातील प्राणवायू पाहत राहावे.