अंगणातला हिरवा चहा

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीपासून आपल्या बारामती-इंदापूरकडे पहाटे गारठा जाणवू लागतो आणि कपबशी वाजली की तुम्ही चुलीपाशी हजर! हल्ली काही घरांत ‘ग्रीन टी’ दिसतो. तो नेहमीच्या चहाच्याच झाडाचा, बरं का! पानं खुडल्यावर लगेच वाफवतात किंवा भाजतात, म्हणून काळी पडत नाहीत. कॅफिन त्यातही असतंच.

तुमच्यासाठी अंगणातला गवती चहा बरा. ते नुसतं गवत, त्यात कॅफिन नाही. लिंबासारखा वास येतो तो सिट्रालमुळे. दोन कप पाण्यात तीन-चार पाती नि आल्याचा तुकडा उकळा, गाळा, चवीपुरता गूळ घाला. (पातीची कड धारदार असते, आईलाच कापू द्या!) घसा छान शेकतो, सर्दी मात्र याने पळत नाही.

आणि चहात भाकरी बुडवून खाता ना? तिथंच गफलत होते. चहापत्तीतलं टॅनिन बाजरीतलं लोह अडवतं, ते अंगी लागत नाही. मग रक्त कमी पडतं, लवकर दम लागतो. जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवा. पेरूचं उलट आहे! त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. इंदापूरकडे तर पेरूच्या बागाच आहेत.