अठराव्या वर्षी सुटणारा धागा

लक्ष टिकून न राहणे, अतिचंचलता आणि विचाराआधीच कृती होऊन जाणे ही ज्या अवस्थेची मुख्य लक्षणे आहेत, तिला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणतात. बोलण्यात मात्र ‘एडीएचडी’ हेच नाव रुळले आहे. हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार आहे, लाडांचा किंवा आळसाचा परिणाम नव्हे. घरात ‘वांड’ आणि शाळेत ‘वेंधळा’ ठरलेले मूल वयाबरोबर आपोआप सुधारेल, हा समज निम्माच खरा आहे, कारण धावपळ ओसरली तरी कामे अर्धवट राहणे आणि वेळेचा अंदाज चुकणे अनेकांच्या बाबतीत टिकून राहते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार पंचविशीत निदानाचे सर्व निकष पूर्ण करणारे सुमारे १५ टक्केच उरतात, परंतु काही लक्षणे व अडचणी शिल्लक असलेल्यांना त्यांत मिळवले की हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास जाते.

असे असूनही सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची मुलांसाठीची चौकट अठराव्या वर्षी संपते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले येतात. अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत फिरत्या पथकांकडून त्यांची तपासणी होते आणि तपासायच्या दोषांच्या यादीत एडीएचडीचाही समावेश आहे. शाळा सुटली की ही तपासणी थांबते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २१ प्रकारांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमता आहेत, पण एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे केवळ या निदानाच्या आधारे महाविद्यालयात सवलती मागणे अवघड जाते.

अठरा वर्षे पूर्ण होतात त्याच दिवशी कायद्याच्या दृष्टीनेही रुग्ण बदलतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार अज्ञानाच्या, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या वतीने पालक निर्णय घेतात. सज्ञान झाल्यावर संमती, माहितीची गोपनीयता आणि भविष्यातील उपचारांविषयीचे पूर्वनिर्देश हे सर्व त्या व्यक्तीच्या स्वतःच्या हाती येते. हा हक्क न्याय्यच आहे. मात्र ज्या विकारात तारखा लक्षात ठेवणे हेच कठीण, त्या विकाराच्या रुग्णाकडे तपासणीच्या तारखा सांभाळण्याची जबाबदारी एका रात्रीत येते.

रत्नागिरी तालुक्यातील मालगुंडसारख्या गावात या बदलाला स्थलांतराची जोड मिळते. कवी केशवसुतांनाही शिक्षणासाठी या आपल्या जन्मगावाबाहेर जावे लागले होते, आणि कोकणातील तरुण आजही साधारण याच वयात रत्नागिरी, पुणे किंवा मुंबई गाठतात. जिल्ह्याच्या ठिकाणी १८८६ पासूनचे मनोरुग्णालय आहे, पण ‘वेड्यांचे इस्पितळ’ या जुन्या शिक्क्यामुळे लक्ष लागत नाही एवढ्या तक्रारीसाठी तेथे जाण्यास कुटुंबे कचरतात. म्हणून येथे प्रश्न केवळ बालविभागातून प्रौढविभागात जाण्याचा नसतो. ज्यांना मुलाचा पूर्वेतिहास ठाऊक आहे ते शिक्षक, डॉक्टर आणि आई एकाच वेळी मागे राहतात.

औषधांची अडचणही लहान नाही. मिथाइलफेनिडेट हे प्रमुख औषध भारतात ‘शेड्यूल एक्स’ या कडक वर्गात मोडते, म्हणजे ते विकण्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते. परक्या शहरात नवा डॉक्टर मिळेपर्यंत उपचार खंडित होण्याची भीती त्यामुळे वाढते. त्यातच प्रचलित अमेरिकी निकषांनुसार मोठ्या वयात निदान करताना काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसली होती का, हे पाहावे लागते, आणि ते सांगू शकणारी माणसे तर गावीच राहिलेली असतात.

मुलांसाठी व प्रौढांसाठी स्वतंत्र सेवा असलेल्या ब्रिटनलाही हा सांधा नीट जुळवता आलेला नाही. लंडन व वेस्ट मिडलंड्समधील सहा संस्थांतील १५४ तरुणांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९० जण प्रौढसेवेत पोहोचले, पण सर्व अर्थांनी नीट झालेले हस्तांतर पाच टक्क्यांहूनही कमी होते. तेथील २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षीच, म्हणजे तेथील नववीच्या सुमारास सुरू व्हावी, एक ठरावीक व्यक्ती दुवा म्हणून असावी आणि नव्या-जुन्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलावे, अशी अपेक्षा आहे.

यातील बहुतेक गोष्टींना नवी इमारत लागत नाही. निदानाचा कागद, प्राथमिक शाळेची शेरे असलेली प्रगतिपुस्तके, औषधांची मात्रा व दुष्परिणाम यांची नोंद अशी एक फाइल दहावीच्या आधीच तयार करणे, भेटीची वेळ मुलानेच ठरवावी असा सराव घडवणे, काही भेटींत त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू देणे आणि गाव सोडण्यापूर्वी पुढच्या शहरातील मनोविकारतज्ज्ञाशी पहिली भेट पक्की करणे, एवढे घरातून होऊ शकते. मधल्या काळात सल्ल्यासाठी २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवा आहे. बारावीनंतर गाव सोडणाऱ्या मुलाच्या सामानात दाखल्यांची पिशवी कोकणातले प्रत्येक घर न चुकता भरते. ही फाइल त्याच पिशवीत असायला हवी.